मधुमेह सांभाळायला शिकायचे काय असते?

मधुमेहाच्या स्वव्यवस्थापनाचे शिक्षण या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या सदरात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. औषधाची मात्रा किती घ्यावी, असे विचारणारी पत्रेही बरीच होती; परंतु रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्यांना उत्तर देणे योग्य नसल्याने ती येथे घेतलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६३ असून मला बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर घेतो, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, साखर पूर्ण बंद आहे. आता आमच्या डॉक्टरांनी मधुमेह शिक्षणाच्या वर्गाला जायला सांगितले आहे. हे वर्ग नव्याने निदान झालेल्यांसाठी असतात ना? मी इतक्या वर्षांनी तेथे जाऊन काय शिकणार?

उत्तर : हे वर्ग फक्त नव्या रुग्णांसाठी असतात, हा समज बराच पसरलेला आहे; तो बरोबर नाही. अमेरिकेतील मधुमेह, मधुमेह शिक्षण आणि आहारशास्त्र या क्षेत्रांतील संघटनांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे काढलेल्या निवेदनात असे शिक्षण देण्याचे चार प्रसंग सांगितले आहेत. निदान झाल्यावर, त्यानंतर दर वर्षी आढावा म्हणून, नवी गुंतागुंत उद्भवल्यावर आणि उपचारांत किंवा राहणीत मोठा बदल झाल्यावर. बारा वर्षांत आपल्यावर यांतील एकापेक्षा अधिक प्रसंग नक्कीच आले असतील.

टाइप २ मधुमेह आहे त्या ठिकाणी थांबत नाही. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ या काळात झालेल्या ‘यूकेपीडीएस’ या प्रदीर्घ अभ्यासात असे आढळले, की वर्षे सरतात तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता घटत जाते आणि सुरुवातीला पुरणारे औषध पुढे पुरेनासे होते. हे ज्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते, ते औषध वाढले की स्वतःला दोष देतात किंवा डॉक्टरांवर संशय घेतात. वाढत्या वयात मूत्रपिंडांचे काम मंदावले तर काही गोळ्यांचा परिणाम शरीरात अधिक काळ टिकतो आणि सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याची साखर अचानक उतरण्याचा धोका वाढतो. आपण घेत असलेली गोळी या गटातील आहे का, हे आपल्याला सांगता येते का? बारा वर्षे नियमाने गोळ्या घेणाऱ्या अनेकांना ते सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. कारण तपासणीच्या दहा मिनिटांत ते सांगायला कोणाला सवडच झालेली नसते.

‘साखर पूर्ण बंद आहे’ हे आपले वाक्यही थोडे तपासून पाहण्यासारखे आहे. धान्ये, कंदमुळे आणि फळे यांतील पिष्टमय पदार्थांचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. म्हणून एका वेळच्या जेवणात एकूण कर्बोदके किती आली, ती कोणत्या स्वरूपात आली आणि त्यांच्याबरोबर तंतुमय पदार्थ व प्रथिने किती होती, हे पाहावे लागते. डबीतली साखर बंद करूनही आकडे खाली येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांचे ताट पाहिले की कारण बहुधा तेथेच सापडते.

वर्षाचे तास ८,७६०. त्यांतील डॉक्टरांसमोर जाणारे तास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेल्या सर्व वेळात काय खायचे, किती चालायचे, आज जेवायला उशीर झाला तर गोळीचे काय करायचे, पायाला झालेले खरचटणे किती मनावर घ्यायचे, हे निर्णय आपले आपणच घेत असतो. ते निर्णय अंदाजाने न घेता समजून घेता यावेत, एवढ्यासाठीच हे वर्ग असतात. आपण जरूर जावे.

प्रश्न : अशा शिक्षणाने खरोखर फरक पडतो याला काही पुरावा आहे का? की ‘माहिती असलेली बरी’ एवढाच त्याचा अर्थ आहे?

उत्तर : पुरावा आहे आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे, मात्र तो जसा आहे तसाच मांडला पाहिजे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवरील चाचण्या तपासल्या गेल्या. शिक्षण संपताच शिक्षण घेतलेल्यांचे एचबीए१सी (रक्तातील सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा) इतरांच्या तुलनेत सरासरी ०.७६ टक्क्याने अधिक उतरलेले होते. परंतु काही महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर हा फरक ०.२६ टक्क्यावर आला. त्याच विश्लेषणात असेही दिसले, की शिक्षकाबरोबरचा वेळ जितका अधिक तितका परिणाम अधिक, आणि पूर्ण एक टक्का घट होण्यासाठी सुमारे २४ तासांचा संपर्क लागतो. २०१६ मधील दुसऱ्या आढाव्यात ११८ अभ्यास घेतले होते. त्यातही शिक्षण घेतलेल्या गटाचे एचबीए१सी सरासरी ०.५७ टक्क्याने जास्त घटले आणि एकूण दहा तासांहून अधिक वेळ दिलेले कार्यक्रम अधिक यशस्वी ठरले.

अर्धा-पाऊण टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ‘यूकेपीडीएस’च्या आकडेवारीनुसार एचबीए१सी एक टक्क्याने कमी असणाऱ्यांमध्ये डोळे, मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गुंतागुंत ३७ टक्क्यांनी कमी आढळली होती. त्या मोजपट्टीवर ठेवले तर अर्धा टक्का म्हणजे एखाद्या नव्या गोळीने मिळणाऱ्या फायद्याच्या जवळ जाणारा फायदा आहे, आणि त्याला दुष्परिणाम नाहीत. २०१७ मध्ये ४२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात तर शिक्षण घेतलेल्या टाइप २ रुग्णांमध्ये कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी कमी दिसला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमधील ‘डेसमंड’ या सहा तासांच्या कार्यक्रमाची नव्या रुग्णांवरील चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षअखेरीस वजन, धूम्रपान आणि नैराश्याची लक्षणे यांत सुधारणा होती. एचबीए१सीमध्ये मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यामुळे एका दिवसाच्या वर्गाला हजेरी लावून पुढची दहा वर्षे निश्चिंत राहता येईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. परिणाम ओसरतो, म्हणून उजळणी लागते. आमच्या मते या साऱ्या संशोधनातील सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत दुर्लक्षित निष्कर्ष हाच आहे.

प्रश्न : यांची साखर मी रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या यंत्रावर तपासते आणि वहीत लिहून ठेवते. तीन वह्या भरल्या. डॉक्टर वही चाळतात आणि ‘ठीक आहे, चालू ठेवा’ म्हणतात. एचबीए१सी मात्र ८.४ च्या खाली येत नाही. सकाळचा आकडा तर १४०-१५० च्या पुढे फारसा जात नाही. मग चुकते कुठे?

उत्तर : आपली चिकाटी कौतुकास्पद आहे, आणि तिचे चीज होत नाही याचे कारणही आपल्याच पत्रात आहे. वहीत एकाच वेळेचा आकडा आहे. एचबीए१सी हे साधारण मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी दाखवते. ८ टक्के म्हणजे सरासरी १८३ आणि ९ टक्के म्हणजे सरासरी २१२ मिलिग्रॅम, असा ढोबळ हिशेब आहे, त्यामुळे ८.४ म्हणजे सुमारे १९४. सकाळी १५० आणि सरासरी १९४, याचा अर्थ दिवसात इतर वेळी साखर बरीच वर जात असली पाहिजे. ती वेळ वहीत नाही एवढेच.

अशा वेळी वर्गात जोडीची तपासणी शिकवतात. एक जेवण निवडायचे, समजा रात्रीचे. जेवणाच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा तपासायचे, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून त्यांच्यासमोर त्या वेळी काय व किती खाल्ले ते थोडक्यात नोंदवायचे. असे तीन दिवस करायचे. समजा आकडे १३२ आणि २४०, १२८ आणि २३१, १४० आणि २५२ असे आले, तर त्या जेवणात काय बदलायचे हा प्रश्न समोर येतो. मग एकच गोष्ट बदलायची. पिष्टमय पदार्थांचा वाटा कमी करायचा किंवा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालायचे, पण दोन्ही एकदम नाही, कारण मग फरक कशाने पडला ते कळत नाही. पुन्हा तीन दिवस तपासायचे. पुढे दुसरे जेवण घ्यायचे. रोज सकाळी खर्च होणाऱ्या पट्ट्या अशा वापरल्या तर तेवढ्याच पट्ट्यांतून कितीतरी अधिक कळते. इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांमध्ये नुसते तपासून आकडे लिहिण्याने एचबीए१सीमध्ये फारसा फरक पडत नाही, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ज्या आकड्यावरून पुढे काही ठरवायचे असते, तोच तपासण्यात अर्थ असतो.

तपासण्याची पद्धतही एकदा शिक्षकासमोर करून दाखवावी. फळ सोलल्यावर हात न धुता बोट टोचले तर बोटावरच्या साखरेमुळे आकडा खोटा वर येतो, आणि नुसत्या जंतुनाशक कापसाने पुसल्यानेही तो नेहमी सुधारत नाही. साबणपाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करावे लागतात. बोटाच्या टोकाला मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचले तर कमी दुखते. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर हवेतील दमटपणाने पट्ट्या खराब होतात. यंत्राच्या मोजमापात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत आंतरराष्ट्रीय मानकांनाही मान्य आहे, त्यामुळे काल १४८ आणि आज १५६ म्हणजे साखर वाढली असे समजून घरात चिंतेचे वातावरण करू नये.

आणखी एक, जरा स्पष्टच लिहितो. पत्र आपण लिहिले आहे, वही आपण लिहिता, तपासताही आपणच. वर्गाला दोघांनी जावे. घरच्या माणसाने बरोबर असणे फार मोलाचे असते. पण जोडीच्या तपासणीची वही मात्र यजमानांनी स्वतः लिहावी. स्वतःच्या हाताने २४० लिहिणाऱ्या माणसाला पुढच्या जेवणात काय करायचे हे सहसा वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. साखर आटोक्यात ठेवायची म्हटले की ती फार उतरण्याची भीती वाटते, म्हणून मी ती थोडी चढतीच ठेवते. शिक्षणाने ही भीती जाईल का?

उत्तर : आपली भीती निराधार नाही. टाइप १ मधुमेहावरील ‘डीसीसीटी’ या १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक नियंत्रणामुळे डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. त्याबरोबरच साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. हा पेच शिक्षणाने सुटू शकतो का, हे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे विकसित झालेल्या शिक्षणपद्धतीने दाखवले. ब्रिटनने ती ‘डॅफ्ने’ या नावाने स्वीकारली. पाच दिवसांच्या या अभ्यासक्रमात कर्बोदके मोजून त्यानुसार इन्सुलिनची मात्रा ठरवायला शिकवतात. २००२ मधील चाचणीत सहा महिन्यांनी शिक्षण घेतलेल्यांचे एचबीए१सी ८.४ आणि प्रतीक्षेत असलेल्यांचे ९.४ होते, आणि साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग वाढले नव्हते. ही चाचणी प्रौढांवरची होती. किशोरवयीन मुलांसाठी वेगळे अभ्यासक्रम असतात आणि त्यांत पालकांचाही सहभाग असतो. मुलाच्या डॉक्टरांकडे त्यांची चौकशी करावी.

तोवर साखर उतरल्यावर काय करायचे, हे घरातील प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. ७० च्या खाली आकडा आला, किंवा हात थरथरणे, घाम, धडधड, अचानक चिडचिड ही लक्षणे दिसली आणि तपासायला वेळ नसला, तरी लगेच १५ ग्रॅम जलद साखर द्यावी. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पाण्यात विरघळवलेली साधारण तीन चहाचे चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. चॉकलेट देऊ नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉनचे (साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन किंवा नाकात मारायचा फवारा घरी असेल तर तो द्यावा आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. शाळेतील शिक्षकांनाही हे लेखी द्यावे. (अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्या प्रौढ वाचकांनी लक्षात ठेवावे, की या गोळ्यांमुळे साधी साखर सावकाश पचते, साखर उतरली तर त्यांना ग्लुकोजच हवे.)

एक गोष्ट आज रात्रीच करून पाहावी. मूल इन्सुलिन घेते त्या जागांवरून बोटांची टोके हलकेच फिरवावीत. कातडीखाली रबरासारखी मऊ, थोडी उंचवट्याची गाठ लागली तर तेथे पुन्हा पुन्हा सुई टोचली गेली आहे. तेथे दुखत नाही म्हणून मुले तीच जागा निवडतात; पण अशा गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी कमी शोषले जाते आणि साखर कारणाशिवाय वरखाली होत राहते. जागा बदलल्यावर तीच मात्रा जास्त लागू पडू शकते, त्यामुळे गाठ आढळल्यास मात्रेविषयी डॉक्टरांना विचारूनच जागा बदलावी.

भीती पूर्ण जाईल असे सांगणार नाही. पण ‘थोडी चढतीच ठेवणे’ हा आपण सध्या भीतीपोटी करत असलेला उपाय आहे, आणि त्याची किंमत मुलाच्या डोळ्यांना व मूत्रपिंडांना पुढे मोजावी लागते.

प्रश्न : मोबाइलवर सर्व माहिती मिळते, अनेक ॲपही आहेत. मग वर्गाची गरज काय?

उत्तर : नोंदी ठेवायला ॲप उत्तम. दुरून, म्हणजे पडद्यावरून, प्रशिक्षित शिक्षकाने घेतलेले वर्गही प्रत्यक्ष वर्गांइतके उपयोगी ठरू शकतात. फरक माध्यमाचा नाही. तुमच्या आकड्यांकडे पाहून तुम्हाला उलट प्रश्न विचारणारे कोणी आहे की नाही, याचा आहे. कार्यक्रम निवडताना लेखी अभ्यासक्रम आहे का, शिकवणाऱ्याचे प्रशिक्षण झाले आहे का आणि परिणाम मोजले जातात का, हे पाहावे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे आश्वासन देऊन शेवटी काहीतरी विकणाऱ्या चित्रफिती पाहण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : मला सर्व माहीत आहे. काय खावे, काय टाळावे, सगळे पाठ आहे. तरी होत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी परीक्षेत नापास होणार असल्यासारखे वाटते. मागच्या दोन तपासण्या मी टाळल्या. माझ्यासारखीला वर्गात जाऊन आणखी बोलणी खायची आहेत का?

उत्तर : नाही. बोलणी खावी लागत असतील तर तो वर्ग सोडून द्यावा.

आपण वर्णन केलेली अवस्था मधुमेहाच्या रुग्णांमध्ये इतकी आढळते, की तिला मधुमेहजन्य मानसिक ताण असे स्वतंत्रपणे ओळखले जाते. ते नैराश्य असतेच असे नाही. अखंड हिशेबाचा तो थकवा असतो. चांगल्या कार्यक्रमात म्हणूनच आहार, व्यायाम, औषधे आणि तपासणी यांच्याबरोबर मनाचा ताण हाताळणे आणि अडचणी सोडवणे हेही शिकवतात. तेथे ‘वजन कमी करा’ असे सांगून पाठवत नाहीत. आठवड्यात कोणते तीन दिवस, कोणत्या वेळी, किती मिनिटे चालणे तुम्हाला खरोखर जमेल, आणि त्या दिवशी कामावरून उशीर झाला तर काय करणार, इथपर्यंत बोलणे होते. ठरवलेले जमले नाही तर उद्दिष्ट लहान करतात. माहिती असूनही होत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा आणखी माहितीत नसून अशा बारीक ठरवण्यात असते. सतत उदास वाटणे, झोप उडणे, कशातच रस न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ असेल, तर मात्र डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्यावर वेगळे उपचार आहेत. आणि चुकलेली तपासणी करून घ्यावी. तो आकडा पुढचे उपचार ठरवण्यासाठी असतो.

प्रश्न : ताप किंवा उलट्या होत असताना खाणे बंद असते. अशा वेळी इन्सुलिन आणि गोळ्या बंद ठेवाव्यात का?

उत्तर : आजारपणात शरीरातील ताणाच्या संप्रेरकांमुळे काही न खाताही साखर वाढू शकते. टाइप १ असलेल्यांनी मूळ, म्हणजे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन कधीही आपण होऊन बंद करू नये. ते बंद झाल्यास रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साठून काही तासांत जिवावर बेतू शकते. गोळ्यांचे प्रत्येकाचे वेगळे असते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले असता मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी२ गटातील गोळ्या काही दिवस थांबवण्याचा सल्ला दिला जातो. पण नेमके काय करायचे ते आजारी पडल्यावर न शोधता आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. त्या कागदावर कोणती औषधे चालू व कोणती बंद ठेवायची, किती तासांनी साखर आणि कीटोन तपासायचे, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास पाणी किती घ्यायचे आणि कोणाला फोन करायचा, हे असावे. पोटात पाणीही टिकत नसेल, श्वास खोल आणि जलद चालत असेल, गुंगी येत असेल किंवा कीटोन वाढलेले असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि जाताना तो कागद व औषधे बरोबर न्यावीत.